लॅपटॉपचा आवाज कुठे गेला

आमच्याकडे लॅपटॉप बिघडला तर दुकानात नेत नाहीत. घरातच तज्ज्ञ आहेत. तज्ज्ञ म्हणजे माझा नवरा. पोटापाण्यासाठी तो फरशा विकतो, पण एकदा त्यानं शेजाऱ्यांचा प्रिंटर चालू करून दिला होता आणि त्या यशातून तो अजून बाहेर आलेला नाही.

त्या दिवशी अकरा वाजता माझी ऑनलाइन मुलाखत होती. पाच-सहा वर्षं घरी बसल्यावर एका आर्किटेक्टच्या ऑफिसनं नकाशे काढायच्या कामासाठी बोलावलं होतं. बाकी कुठूनही साधं उत्तरसुद्धा आलेलं नव्हतं. ही संधी गेली की पुन्हा स्वयंपाकघर, हे मला पक्कं ठाऊक होतं. सकाळी तपासायला बसले, तर लॅपटॉपमधून आवाजच येईना.

"उठ तू. ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे," तज्ज्ञ म्हणाले.

तज्ज्ञांच्या मते लॅपटॉपच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच, ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर. चार्जरची पिन खिळखिळी झाली तेव्हाही त्यांनी ड्रायव्हरच बदलला होता. आधी साधंसुधं काही बघावं, हे त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांनी बाह्या सरसावून आवाज तपासायचं बटण दाबलं. टिंग-टाँग व्हायला हवं होतं. लॅपटॉप मख्ख. बाहेरच्या खोलीत सासरे खुर्चीतून उठले, दार उघडून बघितलं आणि पुटपुटत परत बसले. तज्ज्ञांनी पुन्हा बटण दाबलं. सासरे पुन्हा दाराशी.

"कोण बेल वाजवून पळतंय?"

"बाबा, बसा हो. इथे महत्त्वाचं काम चाललंय," तज्ज्ञ म्हणाले आणि त्यांनी स्पीकरचा ड्रायव्हरच काढून टाकला. नवा घालायला गेले तर तो डाउनलोड होईना. मुलाखत तोंडावर आलेली. फोनवरून जोडावं, तर माझे नकाशे फोनमध्ये उघडत नाहीत. मला बसून रडावंसं वाटत होतं, पण खुर्ची तज्ज्ञांकडे होती.

अकराला पडद्यावर एक बाई आणि एक गृहस्थ दिसायला लागले. माइक तेवढा तज्ज्ञांच्या तावडीतून सुटला होता. मी नमस्कार केला. बाईंचे ओठ हलले. आवाज नाही.

"मी बरा आहे," बाहेरून सासरे म्हणाले, "पण आपण कोण बोलताय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्याच आठवड्यात तज्ज्ञांनी सासऱ्यांचं कानातलं यंत्र ब्लूटूथनं लॅपटॉपला जोडलं होतं, त्यांना मॅच नीट ऐकू यावी म्हणून. जोडलं, तोडायचं राहिलं. लॅपटॉप सकाळपासून व्यवस्थित बोलत होता, फक्त सासऱ्यांच्या कानात. आता यंत्र तोडूनही उपयोग नव्हता. तज्ज्ञांनी स्पीकरचा ड्रायव्हर जागेवर ठेवलाच कुठे होता.

मी मुलाखतवाल्यांना अडचण सांगितली आणि सासऱ्यांना शेजारी आणून बसवलं. प्रश्न त्यांच्या कानात, उत्तर माझ्या तोंडून. जिना, खिडक्या, पाण्याच्या लाइनी, सगळं ते शब्दन् शब्द सांगत होते. माझी उत्तरं बरी जात होती, तरी मनातून मी चिडले होते. एरवी मी नोकरीचा विषय काढला की याच माणसाला नेमकं ऐकू येत नसे. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा "घरी कुणीतरी थांबायला हवं" म्हणताना ते माझ्याकडे बघत होते आणि नवरा छताकडे. मग सासूबाई गेल्या. मी थांबलेलीच राहिले.

बाईंनी समोरचा कागद बघून काहीतरी विचारलं. सासरे गप्प.

"बाबा, आवाज गेला का?"

"नाही. स्पष्ट आला." त्यांनी घसा खाकरला. "मधे नोकरी का सोडली होतीस, असं म्हणताहेत."

मी ठेवणीतलं उत्तर काढलं, घरगुती कारण. पण मी तोंड उघडायच्या आत सासरे पुढे वाकले. पडद्यावरच्या माझ्या चौकटीत त्यांचं अर्धं कपाळ आलं.

"तिनं नाही सोडली," ते म्हणाले. "आम्ही सोडायला लावली. मी आणि माझ्या मुलानं."

सकाळपासून पहिल्यांदाच तज्ज्ञांचा हात माउसवरून निघाला. बाई शेजारच्या गृहस्थांशी बोलल्या, मग आमच्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. मी सासऱ्यांकडे पाहिलं.

"कामावर कधीपासून येता, विचारताहेत," ते म्हणाले. मग मुलाकडे वळून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.