नापाससाहेबांची गाडी

साहेबांची अख्खी नोकरी वाहन तपासणी केंद्रात झाली, आणि तिथंच लोकांनी त्यांचं नाव नापाससाहेब पाडलं. निवृत्तीनंतरही ते काही सुटलं नाही. गाडी कुणाचीही असो, साहेब डोळ्यांत तेल घालून तिच्या पोटाखाली शिरायचे आणि काहीतरी खोट काढूनच बाहेर यायचे. आणि आता त्यांच्याच म्हाताऱ्या गाडीच्या तपासणीची मुदत उलटून गेली होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

विसरले नव्हते हो. हँडब्रेक सैल झालाय हे त्यांना ठाऊक होतं. स्वतःच पाना घेऊन त्यांनी तो आवळलाही होता, पण मनाची खात्री पटेना. आपण शिकवलेल्या माणसांपुढे आपलीच गाडी नापास झाली तर? नुसत्या विचारानंच ते तपासणी पुढे ढकलायचे. मग आज सर्दी, उद्या पाहुणे, परवा आणखी काही.

शेवटी एक दिवस गाडी घेऊन गेलेल्या सूनबाईला पोलिसानं भर चौकात अडवलं. घरी येऊन तिनं दंडाची पावती सासऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"बाबा, सर्दी बरी झाली असेल ना आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं केंद्रावर गेले. मुदत चुकवणाऱ्यांची रांग वेगळी, आणि तिचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. हा नियम साहेबांनीच केलेला. दुपार कलली तरी रांग जागची हलेना.

"कोणी काढली हो ही रांग?" सूनबाईनं साळसूदपणे विचारलं.

साहेब पुढच्या गाड्या मोजू लागले.

पुढचा टॅक्सीवाला वळला आणि बघतच राहिला. "साहेब, तुम्ही? या रांगेत?"

"सहज आलो होतो."

"गाडी घेऊन?"

टॅक्सीवाला पोट धरून हसला. याच माणसाची टॅक्सी साहेबांनी कितीदा परत पाठवली होती! तरी त्यानं साहेबांना सावलीत बसवलं आणि आपल्या डब्यातलं अर्धं पुढे केलं. साहेबांनी ते मान खाली घालून खाल्लं.

अखेर नंबर लागला. तपासायला होती ती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली मुलगी. "सर!" म्हणत ती अदबीनं पुढे आली. गाडी चढावर चढवली, हँडब्रेक ओढला, आणि गाडी हळूच मागे घसरली.

"काल तर चांगला धरत होता," साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

मुलगी लाजली, पण बधली नाही. "सर, तुम्हीच म्हणायचात, कालचं काल गेलं, आज गाडी उभी राहते का ते दाखवा."

गाडी नापास झाली. परतीच्या वाटेवर साहेब खिडकीबाहेर बघत बसले. सूनबाईला वाटलं, लागलं मनाला. एवढ्यात ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "सोडलं नाही बघ पोरीनं! मला! सोडलं नाही!"

हँडब्रेक गॅरेजमध्ये नीट करून घेतला, पुन्हा त्याच रांगेत ताटकळले, आणि यावेळी गाडी पास झाली. सूनबाईनं गाडी सुरू केली, पण साहेबांची कुरकूर काही थांबेना.

"वायपर नीट बघितले नाहीत तिनं."

"मग फिरवू का मागे? लागू पुन्हा रांगेत?"

"घरी चल गं मुकाट्यानं," नापाससाहेब म्हणाले.