आठव्या खोलीचा टेका

मित्रांनो, मला पडकी म्हणण्याआधी मान वर करून माझं छत बघा. मी खाणकामगारांच्या लाइनीतली एक जुनी खोली आहे. घुग्घुसपासून दोन कोसांवर आम्ही आठ जणी एका रांगेत उभ्या होतो. आता सात उरलो. आठवीचं काय झालं ते सांगते, पण गोड बोलून सांगणार नाही.

गोऱ्या साहेबाच्या काळात आम्हाला बांधलं. भिंती दीड हात जाड, दगडाच्या. छत विटांचं, झाकलेल्या बैलबंडीसारखं अर्धगोल. त्यात लाकूड नाही, लोखंड नाही. सागवान खाणीत लागत होतं, ते कामगाराच्या डोक्यावर कोण घालवणार? एक खिडकी ठेवली आणि आत आठ-आठ माणसं कोंबली. त्या साहेबांबद्दल माझ्या मनात काडीची माया नाही. गवंडी मात्र प्रामाणिक होते. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून त्यांनी तो बैलाने फिरवायच्या दगडी चाकाच्या घाणीत मळला. तिथे पाणी वाहणारी दहा वर्षांची एक पोर होती, सुगंधा. पुढे लग्न होऊन ती माझ्यातच राहायला आली. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर कोनाड्यात तिने बुद्धाची मूर्ती ठेवली, दर दिवाळीला नव्हे, दर बुद्धपौर्णिमेला मला पांढरा चुना दिला. तिचा नवरा याच खाणीत गेला. मूलबाळ नव्हतं. मीच तिचं घर, दुसरं कुठलं नाही.

अर्धगोल छत भिंतींना बाहेर ढकलतं. मी शेजारणीला ढकलते, शेजारीण मला ढकलते, म्हणून दोघी उभ्या. रांगेच्या दोन्ही टोकांना तिरका दगडी टेका होता. तो सगळ्यांचा जोर पेलायचा. मी सातवी. टेका आठवीला होता.

१९८४ च्या चैत्रात ट्रकांचा रस्ता रुंद करायचा ठरला. बापूराव नावाचे ओव्हरसियर कुदळवाले घेऊन आले. सत्तरीची सुगंधाबाई आडवी उभी राहिली.

"साहेब, टोकाची खोली पाडू नका. पाडाचीच असन तं आधी माह्या भिंतीले टेका बांधा. नाई तं माही खोली फाकन."

"बाई, इंजिनिअर मी हाय का तुमी?"

"तुमीच. पन या चुन्याले पानी म्या वाह्यलं."

कुदळवाले हसले. संध्याकाळपर्यंत आठवी खोली टेक्यासकट जमिनीवर होती. तिसऱ्या दिवशी माझ्या छताला मधोमध फट गेली.

बापूरावांनी त्या फटीत बोट घातलं. "पाहा! धोकादायक हाय. आठ दिवसांत सगळी लाइन खाली करा."

मित्रांनो, माझा आधार ज्याने काढला त्यानेच मला धोकादायक ठरवलं! बाकीच्यांना नवीन क्वार्टर मिळणार होते. सुगंधाबाईच्या घरात खाणीतली नोकरी कोणाची नव्हती. तिला काहीच मिळणार नव्हतं.

ती पाचव्या खोलीतल्या देवराव टिंबरमिस्त्रीकडे गेली. जमिनीखाली कोळशाच्या छताला आधाराच्या लाकडी खांबांच्या थुण्या लावण्यात त्याची उभी हयात गेली होती. खाणीत छतावर सळई ठोकून आवाज ऐकतात. ठणठणीत वाजलं तर छत शाबूत, पोकळ वाजलं तर पळायचं. देवराव सळई घेऊन आला, माझ्या छताखाली उभा राहिला आणि कान लावून ठोकत गेला.

"ठण वाजून राह्यलं, बाई. छत मेलं नाई. भिंतच सरकून राह्यली."

"मंग काऊन पाह्यत बसला? लाव ना थुण्या!"

"चूल तं सरकवा आधी. का चुलीवर ठोकू?"

त्याने माझ्या पोटात तीन थुण्या उभ्या केल्या, खाली लाकडी पाचरी ठोकल्या. पाळीवरून परतणाऱ्या माणसांनी आठवीचेच पडलेले दगड उचलले. सिमेंट आणतो म्हणणाऱ्यांना सुगंधाबाईने झापलं. गवतात पडलेल्या जुन्या घाणीला बैल जुंपला, आणि गूळ, बेलफळ तिने आपल्या हाताने घातलं. सहा दिवसांत माझ्या भिंतीला नवा टेका उभा राहिला. तो चुकवायला ट्रकांना आता तीन हात वळसा पडतो. पडो.

मुदत उलटली तरी लाइन खाली झाली नव्हती. वैशाखात बापूराव टेप घेऊन परत आले, लाइन पाडण्याचं माप घ्यायला. त्यांच्या क्वार्टरवर सिमेंटचे पत्रे होते, दुपारी आत बसवत नसे. पाणी मागायला ते आत आले, दोन पेले प्यायले आणि खालीच बसले.

"इथी तं लय थंड हाय, बाई."

"बसा टेकून. तुमीच उघडी पाडलेली भिंत हाय साहेब, भेऊ नका. आता नाई पडत."

बापूरावांनी पाठ भिंतीपासून अलग केली. वर फटीकडे पाहिलं. थोड्या वेळाने टेप न उलगडताच निघून गेले. माप घ्यायला नंतर कोणी आलं नाही.

मी त्यांना माफ केलेलं नाही. देवरावने थुण्या काढल्या, सळईने मला पुन्हा वाजवून पाहिलं, तेव्हा सुगंधाबाई फट बुजवायला चुना घेऊन चढली होती. पण अर्ध्यावर थांबली आणि खाली उतरली. "राहू दे," म्हणाली, "येनाऱ्याले दिसली पाहिजे."

मित्रांनो, जुन्या घराला तडा दिसला तर कुदळ नंतर उचला. आधी बाहेर जाऊन बघा, त्याच्या शेजारचं कोणी काय पाडलं आहे.