फळ्यावरची चूक

वायरिंगच्या सरांना वरून फर्मान आलं: यंदापासून पोरांना नुसतं वायर ओढायला शिकवून भागायचं नाही, चार लोकांत बोलायलाही शिकवा. आत्मविश्वास, संवाद, स्वतःचा विचार. आठवड्याला दोन तास. आता बावीस वर्षं फळ्याकडे तोंड करून शिकवलेल्या माणसाने करावं तरी काय? त्याने स्वतःचा विचार फळ्यावर लिहून दिला आणि पाठ करून घेतला.

मुलाखतीत हमखास विचारतात त्या 'तुमची एखादी चूक सांगा' याचं उत्तर तर त्यांनी झकास बसवलं होतं. 'एकदा मी मेन स्विच बंद न करता बोर्ड उघडला. झटका बसला. चूक कबूल केली, धडा घेतला.' सरांची भाची याच वर्गात, मामाच्याच घरी वाढलेली. ती म्हणाली होती, "मामा, माझी चूक वेगळी आहे." सर खेकसले, "वर्गात सर म्हण. आणि शहाणपणा नको, फळ्यावरचं लिही."

आज मुलाखती घ्यायला कंपनीच्या बाई आल्या होत्या. जागा एकच. भाचीसारखं सफाईदार काम वर्गात कुणाचंच नव्हतं, ती जागा तिलाच मिळावी म्हणून सरांचा जीव टांगणीला लागला होता. कोपऱ्यात त्यांना खुर्ची मिळाली होती, तीही तोंड उघडायचं नाही या अटीवर.

पहिल्याने मेन स्विच बंद केला नव्हता. दुसऱ्यानेही नाही. चौथ्याला बाई हसल्या, सातव्याला हसायच्या थांबल्या, दहाव्याला त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्याकडे मेन स्विच कुणीच बंद करत नाही का हो?" सरांना दरदरून घाम फुटला. बोलावं तर अट आड येत होती, आणि गप्प बसवत तर नव्हतंच.

अकराव्या नंबरला भाची आत आली. चुकीबद्दल विचारल्यावर ती म्हणाली, "शेजारच्या काकूंची बेल बसवली, पण..." बाई पुढे झुकल्या. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःचं काही सांगत होतं. भाचीने सवयीने मामाकडे पाहिलं.

बोल गं पोरी, तुझंच बोल, असं सरांच्या अगदी ओठांवर आलं. तोंड उघडता येईना, म्हणून त्यांनी जोरजोरात मान हलवली.

सरांची मान हलली की पाठ सुरू करायचा, एवढंच वर्षभर वर्गात ठरलेलं होतं. तिने हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एकदा मी मेन स्विच बंद न करता बोर्ड उघडला."