झाकलेले काटे

"उभ्या लाव, वैनी. झाकू नको," बांधावरून बद्रीनाथ म्हणाला.

द्वारकाबाईची कुऱ्हाड थांबली नाही. बोरीच्या फांद्या तोडून तिने पायवाटेच्या कडेला ढीग लावला होता. "तू तुझ्या ज्वारीत जा. माझ्या रानाची वाट हाय, काय लावायचं ते मी बघीन."

"वाट समद्यांची हाय. लावायचीच तर उभी लाव. उभी काटी मानसाला दिसती, मानूस माघारी फिरतो. झाकलेली काटी डुकरासाठी असती."

"मग? डुकरंच येत्यात की रविवारी. टोप्या घालून."

बद्रीनाथ तिचा चुलत दीर. शेजारचं रान त्याचं. नवरा, पुंजाराम, होता तोवर द्वारकाबाईला गप्प करणारं एक माणूस तरी घरात होतं. तो गेल्यापासून तिच्या जिभेपुढे टिकणारा वस्तीवर कुणी उरला नव्हता. बद्रीनाथ खांदे उडवून निघून गेला. तिने फांद्या आडव्या टाकल्या, काटे वर करून दाबल्या, त्यावर मुरूम पसरला, वरून लिंबाचा पाला टाकला. चार पावलं मागे जाऊन पाहिलं. वाट कालच्यासारखीच दिसत होती. तिला फार बरं वाटलं.

ही वाट हर्सूल तलावाच्या मागून निघायची. खाम नदीच्या काठाकाठाने यायची, वनखात्याच्या झाडीतून उतरायची आणि द्वारकाबाईच्या रानाच्या कडेने वरच्या वस्त्यांकडे जायची. सगळी मुरमाची. बैलगाडीशिवाय तिच्यावर दुसरी गाडी चालली नव्हती. गेल्या दोन-तीन वर्षांत शहरातल्या लोकांना तिचा शोध लागला. जाड टायरच्या, वाकड्या हँडलच्या सायकली घेऊन ते रविवारी सकाळी यायचे. अंगाला चिकटलेले कपडे, डोक्यावर भोकांच्या टोप्या, पाठीला लटकलेली पाण्याची नळी. नदीचे फोटो काढायचे, एकमेकांचे काढायचे, एकदा तर शेण थापत असलेल्या द्वारकाबाईचाही काढला. तेवढंही तिने सोसलं असतं. पण रानाच्या वरच्या टोकाला जनावरांसाठी केलेली कवाडी ते उघडायचे आणि तशीच टाकून पुढे जायचे.

मागच्या पंधरवड्यात त्या उघड्या कवाडीतून कपिली गाय बाहेर पडली आणि बद्रीनाथच्या कोवळ्या ज्वारीत शिरली. कोवळ्या ज्वारीतलं विष, किराळ, तिला लागलं. डॉक्टर यायच्या आत गाय पाय झाडून गेली. पुंजारामने शेवटच्या आजारपणाआधी बाजारातून स्वतः पारखून आणलेली गाय होती ती. द्वारकाबाई नवऱ्याच्या वेळी रडली नव्हती एवढी त्या दिवशी रडली, आणि रडून झाल्यावर कुऱ्हाड पाजळायला बसली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती लिंबाखाली मिश्री लावत बसून राहिली. झाडीतून हसणं ऐकू आलं. मग एकामागून एक सायकली उतारावरून आल्या, पाल्यावरून कराकरा गेल्या. मधली एक बाई थांबली, उतरली. चाक फिरवून तिने एक लांबलचक काटा उपटला. भोकातून दुधासारखं पांढरं काहीतरी फसफसलं आणि आपोआप थांबलं.

द्वारकाबाई पाहतच राहिली.

"आजी, काळजी करू नका हं," ती बाई हसून म्हणाली. "टायरमध्ये औषध असतं. भोक लगेच बुजतं."

"कुनाला काळजी हाय गं? तुमच्यापायी माझी गाय गेली. कवाडी कोन लावनार? तुझा बाप?"

"सॉरी आजी, सांगते सगळ्यांना." तिने खरोखर सगळ्यांना ओरडून सांगितलंही. "किती छान आहे हो तुमच्याकडे! एक गाडी नाही, हॉर्न नाही. म्हणून तर एवढ्या लांबून येतो आम्ही."

सगळे गेले. शेवटच्याने कवाडी उघडीच टाकली.

द्वारकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका दिवसाची मेहनत, हाताला फोड, आणि त्यांच्या चाकाला औषध! शिव्या देत ती चढ चढून कवाडीपाशी गेली, ती ओढून लावली, तारेने आवळली. तेवढ्यात खालून झाडीतून भोंगा वाजला. पों पों.

गयास पाववाला. हा आवाज तिच्या कानांना इतका सवयीचा होता की तार आवळणारा हात थांबलासुद्धा नाही. शुक्रवार सोडला तर रोज हा माणूस हर्सूलहून जुन्या काळ्या सायकलवर पत्र्याची पेटी बांधून यायचा. पुंजारामचा दोस्त. त्याचं आणि द्वारकाबाईचं रोज भांडण ठरलेलं. पाव शिळा आहे, असं द्वारकाबाईने म्हणायचं आणि "ताजं खायला तोंड बी ताजं लागतं, भाबी," असं त्याने म्हणायचं. मग लिंबाखाली चहा व्हायचा. दिवसभरात तिच्याशी कुणी एवढं बोलत नसे. जळगाव रोडवर टेम्पोने उडवल्यापासून गयासच्या एका गुडघ्यात सळई होती, आणि त्या रोडवर सायकल घालणार नाही असं त्याने अजराला, बायकोला, वचन दिलं होतं. त्याला ही एकच वाट होती. गाडी नाही, हॉर्न नाही.

सायकलवाले म्हणजे टोप्यावाले. काटे टाकताना, दाबताना, पाला पसरताना द्वारकाबाईच्या मनात तेच होते. गयास तिच्या लेखी सायकलवाला नव्हताच. तो गयास होता. तार आवळून होईपर्यंत तिला हे उमगलं नाही, आणि उमगलं तेव्हा ती चढावर होती आणि तो उतारावर.

"गयास! थांब! थांब रं!"

त्याला वाटलं, रोजच्यासारखीच ओरडतेय. त्याने हसून हात वर केला.

ती धापा टाकत पोचली तेव्हा तो मुरमात बसला होता, सळईचा गुडघा दोन्ही हातांनी धरून. पेटीचं झाकण उघडून पाव वाटेवर पसरले होते. दोन्ही चाकं बसली होती. त्याने चपलेने पाला बाजूला केला, मग मुरूम. खालून बोरीची फांदी दिसली.

"डुक्कर आलंय का रानात, भाबी?"

तिला म्हणायचं होतं, चुकलं माझं. तिच्या तोंडून आलं ते असं: "तुला डोळे नाय का? वाट बघून चालावं मानसानं!"

"दिसली असती तर उचलून बाजूला टाकली असती. तुमचीच हाय म्हनून परत जाग्यावर बी लावली असती." तो उठला. उठताना तिने पुढे केलेला हात त्याने धरला नाही. "झाकली तुमी."

धुळीतले पाव त्याने एकेक करून वेचले, पेटीत टाकले आणि सायकल ढकलत, लंगडत झाडीत गेला.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. चहाचं आधण तिने सवयीने दोन कपांचं ठेवलं आणि जास्तीचं स्वतःवरच्या रागाने ओतून टाकलं. आठवड्याने बद्रीनाथ शहरातून आला.

"गयास जळगाव रोडनं जातोय आता. ट्रकांच्या मधून. म्या हाका मारल्या, पर त्यानं बघितलं नाय."

"मरू दे त्याला!" ती ओरडली, आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

उजाडल्यावर ती वाटेवर आली. फांद्या उपसून जाळल्या. पण वाळलेला काटा फांदीवर राहत नाही, मुरमात मोडून बसतो. दाताळ्याने ओढले, झाडूने लोटले, शेवटी बसून बोटांनी चाचपत एकेक वेचला. तिला कुणी मदत करायला गेलं नाही. गेलं असतं तर खाऊन टाकलं असतं. झाल्यावर तिने बद्रीनाथला सांगितलं, "त्याला म्हनावं, वाट साफ हाय. अजराला दिलेला शब्द मोडू नको म्हनावं."

अजराचं नाव ऐकून तो आला असावा. सकाळी झाडीतून सायकल दिसली, पण भोंगा वाजला नाही. द्वारकाबाईचं रान सुरू होतं तिथे तो उतरला. पेटीची दोरी सोडली, पेटी डोक्यावर घेतली आणि लंगडत सगळा बांध चालून कवाडीपाशी ठेवून आला. मग परत खाली गेला. सायकल खांद्यावर घेतली.

"वेचल्यात म्या समद्या," ती आडवी येऊन म्हणाली. "येक नाय ऱ्हायली. चढ सायकलवर."

"व्हय. दिसत तर नाय."

"मग?"

"तवाबी नव्हत्या दिसत, भाबी."

तिच्या जिभेवर एक सणसणीत उत्तर आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते गिळलं. चपला काढून बांधावर ठेवल्या आणि ती त्याच्या पुढे अनवाणी चालू लागली. मुद्दाम पाय दाबून, वाटेची डावी कड, उजवी कड, मधला पट्टा, काही सोडलं नाही. मागे वळून पाहायची तिला लाज वाटत होती. मागून त्याच्या लंगड्या पावलांचा आवाज येत होता. चाकांचा येत नव्हता.

कवाडीपाशी ती थांबली. एकही काटा लागला नव्हता. तिने पायाचा तळवा वर करून त्याला दाखवला, लहान पोराने धुतलेले हात दाखवावेत तसा. त्याने पाहिलं. मग खांद्यावरची सायकल उतरवली, पेटी बांधली, कवाडी उघडली, बाहेर पडल्यावर नीट लावली, तारही आवळली.

"चहा टाकलाय," ती म्हणाली.

"उशीर झालाय," तो म्हणाला, आणि टांग टाकून निघाला.

चढ संपून तो दिसेनासा झाला तरी ती कवाडीला धरून उभी होती. मग वरून, पलीकडच्या वस्तीसाठी, भोंगा वाजला.