चार बोटं आखूड

मी एक जुनी गोल्फची काठी आहे. म्हणजे थांबा, थांबा मित्रांनो, अर्धीच जुनी! माझं डोकं लोखंडाचं. ते विलायतेहून बोटीनं आलं, पस्तीस वर्षांचं म्हातारं. पण अंग माझं अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या धामणीच्या लाकडाचं, आणि ते अगदी तरणं. म्हणून तर मी अशी भराभरा बोलते. आणि आज मला बोलायचंच आहे, कारण माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली. हात नाहीत मला. पण घडली.

माझी पहिली दांडी विलायती होती. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या ऐन दिवसांत एका गोऱ्या साहेबानं ती नगरजवळच्या भिंगारच्या गोल्फ मैदानावर दगडावर आपटून मोडली. आता नवी कुठून आणणार? बोटीतून बंदुका येत होत्या, काठ्या कोण आणतो! तेव्हा कुणीतरी मला भिंगारच्या बाजारात कादरमिस्त्रींकडे नेलं. कादरमिस्त्री टांगे बनवायचे. त्यांनी माझं डोकं हातात घेतलं, माझ्या मानेच्या नळीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "याला धामण बसवतो. टांग्याच्या दांड्या धामणीच्याच असत्यात. घोडा उधळला तरी मोडत न्हाई, हा साहेब काय मोडतोय?"

आठ दिवस ते मला तासत होते, काचेच्या तुकड्यानं खरवडत होते. मग टोकाला सुताचा दोरा, त्यावर गरम राळ, आणि ते टोक नळीत ठोकून आडवा खिळा. शेवटी जवसाचं तेल पाजलं. काय सांगू, इतकं छान वाटलं! तेव्हापासून मैदानावरच्या सगळ्या काठ्या त्यांच्याच हाताखाली आल्या. दर महिन्याला ते यायचे, व्हरांड्यात बसायचे आणि आम्हा तिघी-चौघींना नाही, चांगल्या तीस जणींना तेलाचं फडकं फिरवायचे.

आमचं मैदान म्हणजे काही हिरवंगार नव्हतं हं! नगरकडे एवढं पाणी कुठलं? चेंडू ज्यात घालायचा त्या खड्ड्याभोवती हिरवळीऐवजी तेल पाजलेल्या वाळूचे गोल असायचे. मच्छिंद्र नावाचा माणूस ते रोज ओढून सारखे करायचा. चेंडू त्यावरून सुळकन जायचा.

मग गोरे गेले. बॅगा गेल्या, कुत्री गेली, आम्ही राहिलो. मी आले कॅप्टन गोरक्षसाहेबांच्या वाट्याला. हे कोल्हारच्या शेतकऱ्याचे चिरंजीव, लढाईत अफसर झालेले. खेळ ते माझ्यावरच शिकले. पहिल्या दिवशी चेंडूऐवजी ढेकूळ उडवलं होतं त्यांनी! पण मला कधी आपटलं नाही. खेळून झालं की स्वतःच्या रुमालानं पुसायचे.

आता ऐका, इथून खरी गोष्ट सुरू होते.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात क्लबच्या सेक्रेटरी साहेबांनी पुण्याहून नव्या काठ्या पाहायला मागवल्या. पोलादी दांड्यांच्या, चकचकीत. व्हरांड्यात सगळे जमले. सेक्रेटरी साहेब आमच्याकडे बोट करून म्हणाले, "हे सरपण आता बंबात घालायला हरकत नाही."

गोरक्षसाहेब म्हणाले, "कादरमिस्त्रींच्या हातच्या आहेत, साहेब. अजून दहा वर्षं हलणार नाहीत."

"असं? मग रविवारी दाखवा. तुम्ही जुन्या घ्या, मी नव्या घेतो. जुन्या टिकल्या तर राहतील. नाहीतर सगळ्या बदलू, आणि तुमच्या मिस्त्रींना म्हणावं टांगेच बघा."

बघा, म्हणजे कादरमिस्त्रींचं नावच पणाला लागलं! ते गुरुवारी आले. माझा खिळा काढला, नवी राळ भरली, खिळा पुन्हा ठोकला. म्हणाले, "साहेब, मी भाचीच्या लग्नाला राहुरीला चाललो. रविवारी सकाळी येतो. तोवर हिला फक्त तेलाचं फडकं. पानी दाखवायचं न्हाई."

"नाही दाखवत," गोरक्षसाहेब म्हणाले. मी ऐकलं. मी तिथंच होते.

शुक्रवारी त्यांनी मला घरी कानाशी धरून हलवलं. टक् असा बारीक आवाज आला. अहो, तो नुसता राळेचा सुटा कण होता! मी घट्टच होते. पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांची आई चांगुणाबाई ओसरीवर गहू निवडत होत्या.

"काय झालं रं गोरख्या? तोंड का असं केलंस?"

"डोकं ढिलं वाटतंय गं आई. मिस्त्री तर गावाला गेलेत."

"आन त्यात काय! कुऱ्हाड ढिली झाली की तुझा बाप काय करायचा? टाक हौदात. लाकूड फुगतं आन धरतं घट्ट. कापतान झालास आन एवढं इसरलास व्हय?"

आणि साहेबांनी मला हौदात उभं केलं. डोकं खाली. शुक्रवार दुपारपासून शनिवार दुपारपर्यंत.

आता माझा गुन्हा सांगते, मित्रांनो. मला ते पाणी आवडलं! उन्हाळ्यात तापलेलं अंग, थंडगार हौद... मी प्यायले, प्यायले आणि फुगले. साहेबांनी बाहेर काढून हलवलं तर आवाज बंद. ते इतके खूश झाले की आईच्या पायाच पडले. आणि मी? मी ऐटीत होते. आत राळ सोडत चालली होती, माझ्या लाकडाचे धागे नळीत चेंगरत होते, ते मला कळत होतं. तरी मी घट्ट असल्याचं ढोंग केलं.

रविवार उजाडला. कादरमिस्त्री राहुरीहून आले ते लग्नातला फेटा बांधूनच. मच्छिंद्र त्यांना म्हणाला, "मिस्त्री, आज तुमचंच लगीन दिसतंय!"

"माझ्या पोरींचं हाय," ते आमच्याकडे बघून म्हणाले.

पहिले पाच खड्डे आम्ही बरोबरीत होतो. खरंच! पण ऊन चढलं. गरम वारा सुटला आणि मी वाळायला लागले. फुगलेलं अंग आक्रसलं. नळीत मी सैल झाले, राळ पिठासारखी झाली, खिळा तेवढा उरला. सहाव्या खड्ड्याला साहेबांनी मला उचललं, पूर्ण ताकदीनं फिरवलं आणि खिळा तुटला.

माझं डोकं उडालं! सेक्रेटरी साहेबांच्या कानाजवळून गेलं आणि लिंबाखाली ठेवलेल्या मच्छिंद्रच्या माठात घुसलं. माठ फुटला. पाणीच पाणी.

सगळ्यांना हसू फुटलं. सेक्रेटरी साहेब मात्र हसले नाहीत. "कुणाचा जीव गेला असता," ते म्हणाले. "टांग्याच्या सुताराला काठ्या दिल्या की हेच होणार. आजपासून हे सगळं बंद."

कादरमिस्त्री पुढे आले. त्यांनी माझी दांडी उचलली, टोक पाहिलं. बोटानं एकदा चाचपलं. मग गोरक्षसाहेबांकडे पाहिलं.

गोरक्षसाहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

मिस्त्रींनी दांडी खाली ठेवली आणि चालत निघून गेले. फेट्याचा शेमला हातात धरून. मला ओरडावंसं वाटत होतं, पण आम्हाला कुठलं तोंड?

साहेब वाईट नव्हते हो. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. 'उद्या सांगतो,' असं स्वतःशीच पुटपुटायचे. असे तीन आठवडे उद्या म्हणण्यात गेले. पोलादी काठ्या आल्या, खोलीत आमच्या जागी उभ्या राहिल्या. कुणी जुन्यातलं काही नेणार असेल तर न्या, असं सांगितलं तेव्हा साहेबांनी माझे दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि टांग्यात बसले.

वाटेत एक खड्डा आला. चाक करकरलं. साहेबांनी टांग्याची कड घट्ट धरली. टांगेवाला मागं वळून हसला, "भिऊ नका साहेब, हे कादरमिस्त्रीचं चाक न्हाई! त्यांच्या काठीचं डोकं उडालं, ऐकलंच आसंल तुमी. आता त्यांच्या टांग्यात कोन बसतंय? आमी चार जनांनी नवी चाकं दुसरीकडून करून घेतली."

कागदात मी गरम होते की साहेबांचा हात, कळेना. साहेब म्हणाले, "टांगा वळव. कादरमिस्त्रींच्या दुकानाकडे घे."

दुकानात काम नव्हतं. मिस्त्री रिकाम्या चौरंगावर बसून रंधा पुसत होते. नुसताच पुसत होते. साहेबांना बघून उठले. "या, बसा."

साहेब बसले नाहीत. त्यांनी मला पुढे ठेवलं. "मिस्त्री, मी हिला पाण्यात ठेवलं होतं. पूर्ण एक दिवस."

"व्हय," मिस्त्री म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

मिस्त्रींनी माझ्या टोकाजवळची काळी रेघ दाखवली. "ही पान्याची. त्याच दिवशी बघितली मी, मैदानावर."

"मग तिथंच बोलला का नाहीत? सगळे तुम्हाला हसत होते!"

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "तुमी बोलाल म्हनून थांबलो."

मित्रांनो, मी दगडावर आपटलेली काठी आहे. पण तसं मला त्या दगडावरही लागलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गोरक्षसाहेबांनी भिंगारच्या अड्ड्यावर सगळ्या टांगेवाल्यांदेखत विचारलं, "कादरमिस्त्रींच्या चाकाचा टांगा कुणाचा आहे?" एक म्हातारा पुढे आला. त्यात साहेब माझे तुकडे घेऊन स्वतः बसले, शेजारी चांगुणाबाईंना बसवलं, आणि भर बाजारातून मैदानावर गेले. व्हरांड्यात सगळ्यांसमोर त्यांनी हौदाची गोष्ट सांगितली. "दोष मिस्त्रींचा नव्हता. माझा होता. आणि तीन आठवडे गप्प बसलो, तो त्याहून मोठा," असं म्हणाले.

चांगुणाबाई खालूनच बोलल्या, "पान्यात टाकायचं म्यां सांगितलं हुतं. पर गप बसायचं काय म्यां सांगितलं न्हाई!"

सेक्रेटरी साहेब म्हणाले, "नव्या काठ्या आता आल्या आहेत. त्या परत जाणार नाहीत." आणि तेही खरंच होतं, हो. पोलाद चांगलंच असतं, मी कशाला खोटं बोलू? "पण मिस्त्रींना निरोप द्या," ते पुढे म्हणाले. "मी स्वतः त्यांना भेटायला येतो."

गेले असतील. टांग्यांची चाकं तर हळूहळू मिस्त्रींकडे परत आली, एकेक करून. एक टांगेवाला मात्र कधीच आला नाही.

मिस्त्रींनी माझं खराब झालेलं टोक कापलं, चार बोटं भरेल एवढं, आणि मला पुन्हा जोडलं. म्हणून मी आता चार बोटं आखूड आहे. मोठ्या माणसाला मी चालत नाही, गोरक्षसाहेब तेवढे वाकून खेळतात. ते काळ्या रेघेचं लाकूड त्यांनी फेकलं नाही. त्यांच्या टेबलावर असतं. कुणी विचारलं, हे काय, तर सांगतात. दर वेळी सगळं सांगतात.

आणि मी? मी फुगले होते, हे माझ्या मनातून जात नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या लाकडाला अधूनमधून तेलाचं फडकं फिरवा. नवं आणायचं तर खुशाल आणा, पण जुन्याला बदनाम करून आणू नका. आणि तुमची चूक दुसऱ्या कुणाच्या नावावर पडलेली दिसली, तर तो येऊन विचारील म्हणून वाट बघत बसू नका. तो बिचारा तुमचीच वाट बघत असतो.