वाडग्याचा तळ

सौम्यानं दोरीचा आणखी एक वेढा शिलाई मशीनच्या सुईखाली सरकवला. झिगझॅगचा टाका आतल्या आणि बाहेरच्या वेढ्याला एकत्र धरत पुढे गेला. पांढऱ्या सुती दोरीची चकती आता जेवणाच्या ताटाएवढी झाली होती.

"आता कड वर घे की गं," स्वयंपाकघराच्या दारातून तिची आई राजाबाई म्हणाली. "नुसता तळच किती वाढवशील?"

सौम्या टाका घालतच राहिली. चकती मशीनच्या अंगाला तिरकी टेकवली की पुढचे वेढे आपोआप वर चढतात आणि वाडगा होतो, हे तिला ठाऊक होतं. बाळंतपणासाठी हिंडलग्याला आईकडे आल्यावर मोबाइलवर बघून तिनं ते शिकून घेतलं होतं. तेलाच्या बाटलीला, लंगोटांना, टोपड्यांना असे वेगवेगळे वाडगे शिवून ठेवले होते. मग एका सकाळी पोटातली हालचाल थांबली.

मुलगी मेलेलीच जन्मली. दवाखान्यात राजाबाईनं सौम्याचं तोंड आपल्या पोटाशी घट्ट धरून ठेवलं होतं. "बघू नको. बघितलंस तर जन्मभर विसरायचं न्हाय." सौम्याला ऐकू आली ती फक्त नवऱ्याची, आदर्शची पावलं. तो मुलीला कापडात घेऊन बाहेर चालला होता.

त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. दूध यायला लागलं तेव्हा राजाबाईनं मुकाट्यानं लेकीची छाती जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधली. भेटायला आलेल्या बायकांना ती दारातच खुणेनं गप्प करायची. सौम्या रडली नाही. मशीनवर बसायला लागली, एवढंच.

दुपारी आदर्श कोगनोळीहून मोटरसायकलवर आला. हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकावर बसला.

"गोळ्या घेतेस न्हवं?"

"हं."

"आई म्हणत हुती, सव्वा महिना झाला की घेऊन ये."

मशीन थांबलं. सौम्यानं वर न बघताच विचारलं, "तुम्हीच घेतलासा न्हवं तिला?"

आदर्शनं स्वयंपाकघराकडं बघितलं. आतला भांड्यांचा आवाजही थांबला होता.

"व्हय."

"केवढी हुती?" ती चकतीच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मला ठरवताच येईना. शिवतेय, मोठं वाटतंय म्हणून उसवतेय, परत शिवतेय. पोटात तर लई मोठी वाटायची."

आदर्श उठला. हेल्मेट खुर्चीवर ठेवून मशीनपाशी आला. शर्टाची बाही मागे सारून त्यानं आपला हात उताणा चकतीवर आडवा ठेवला.

"डोकं हितं हुतं," तो तळव्याकडं बघत म्हणाला. "आणि पाय... हितं, कोपराच्या जरा अलीकडं."

त्यानं हात तसाच ठेवला. तळवा चकतीच्या कडेबाहेर गेला होता. कोपरही बाहेरच होतं. सौम्या त्या उरलेल्या जागेकडं बघत राहिली.

"म्हंजे अजून कमीच पडतंय," ती म्हणाली.

राजाबाई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. आता आई ओरडणार, नको ते कशाला उकरून काढताय म्हणणार, म्हणून सौम्यानं मान खाली घातली.

राजाबाईनं कप खिडकीत ठेवले. जावयाच्या त्या हाताकडं ती बराच वेळ बघत होती.

"केस लई हुते गं," ती म्हणाली. "कानावर आलते."

सौम्यानं मान वर केली.

"आणि?"

राजाबाईनं पदर तोंडाला लावला, मग काढला, आणि लेकीच्या पायापाशी फरशीवर बसली.

"कपाळ तुझं हुतं," ती म्हणाली.