तमोगर्भेचा नर

चैत्र-वैशाखातले ऊन त्या किनाऱ्यावर मायेने पडत नाही. ते टाकून बोलल्यासारखे पडते. तापलेली वाळू, तापलेले आकाश, आणि दोहोंच्या मध्ये जस्तासारखा पांढरा, निष्ठुर, निर्निमेष समुद्र. सुरूच्या बनात वारा नाही, विहिरीत गारवा नाही, माणसांच्या बोलण्यात ओलावा नाही. वालावलकरांच्या घरात तर तो कधीच नव्हता.

तात्या वालावलकर हे गावातले मोठे प्रस्थ. उतारवयात त्यांना समुद्राचे संग्रहालय काढायची हौस सुटली. शिंपल्यांची दालने सजली, माशांचे सांगाडे टांगून झाले, आणि शेवटी उरले एक काळोखाचे दालन: निबिडनील, निःशब्द, अथांग तळाचे. तिथे एक कल्पित जीव उभा करायचा होता. कुणी न पाहिलेला, पण पाहणाऱ्याला ‘असेलही बुवा’ असे वाटायला लावणारा. उद्घाटन अक्षय्य तृतीयेला ठरले होते.

तो जीव कल्पायचा होता तात्यांच्या मुलीने, शर्वरीने. ती कॉलेजात सागरी जीवशास्त्र शिकवायची. आणि घडवायचा होता तिच्या नवऱ्याने, दिगंबरने. दिगंबर गणपतीच्या शाळेत वाढलेला, म्हणजे मूर्ती घडवणाऱ्यांच्या घरात. खाडीचे पाणी शिरून त्याची शाळा बसली, साचे वाहून गेले, तेव्हा तो थोड्या दिवसांसाठी म्हणून सासऱ्याच्या घरी आला आणि राहिला. त्याला घरजावई असे तोंडावर कुणी म्हणत नसे. दाराआड म्हणत, आणि त्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत.

शर्वरीने जीव कल्पिला आणि त्याचे नाव ठेवले तमोगर्भा. काजळकांतीची, काचदंती, कपाळावर निळा थंड उजेड वागवणारी. सारे जमले, अडले ते संततीपाशी.

जिथे सूर्य कधी उगवला नाही, जिथे ऋतू नाही, वाट नाही, हाकेला ओ नाही, तिथे मादीला नर भेटणार कसा? उजेडाने बोलवावे, तर आधी वैरीच यायचा. मग गंध. पाण्यातून दूरवर तरंगत जाणारा, धाग्याहून बारीक गंध. नर बोटाएवढा, जन्मभर त्या धाग्यामागे पोहत राहणारा. आणि भेट झाल्यावर? तशी भेट पुन्हा होणे नाही, म्हणून सुटायचेच नाही. त्याने दात रोवावे. त्याचे ओठ तिच्या त्वचेत विरघळावे. तिचे रक्त तेच त्याचे रक्त व्हावे. मग त्याला पोट कशाला? जाईल. कल्ले कशाला? जातील. डोळे कशाला? तेही जातील. उरेल ते केवळ बीज, तिला हवे तेव्हा तिला देणारे.

असे मासे समुद्रात खरोखरच आहेत, त्यामुळे शास्त्राचीही हरकत नव्हती. कोडे सुटल्याच्या आनंदात शर्वरीला भूक आवरेना की बोलणे आवरेना असे झाले. दुपारच्या पंगतीत तिने सारे रंगवून सांगितले.

तात्यांनी हातातला घास खाली ठेवला. जावयाकडे पाहत, चवीचवीने म्हणाले, “म्हणजे हो नर घरजावयच की.”

पंगत खदखदली. शर्वरीही हसली. क्षणभरच हसली, पण हसली. दिगंबरने पानातला भात संपवला, ताट उचलले आणि तो मागीलदारी गेला. ताट घासल्याचा आवाज मग बराच वेळ येत राहिला.

त्या दिवसापासून घरात दोन उन्हाळे सुरू झाले, एक अंगणात आणि एक त्या दोघांच्या खोलीत. विचारले तेवढ्याचे तो उत्तर देई. पाण्याचा तांब्या ती पुढे करी, तो स्वतः भरून घेई. भांडला असता तर तिला बरे वाटले असते. तिला त्याचा राग येई, स्वतःचा येई, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटे की हा माणूस एक दिवस काही न बोलता उठून जाईल, आणि आपल्याला ते दुसऱ्या दिवशी कळेल.

काम मात्र त्याने सोडले नाही. संग्रहालयामागच्या मांडवात तमोगर्भा आकाराला आली. विशाल, विकराल, आणि तरीही देखणी. तिच्या कृष्णकांतीवरून नजर घसरावी आणि दातांवर येऊन अडकावी. फक्त नर नव्हता. तात्या येता-जाता फाटकातून विचारत, जावईबापू, तुमचा भाऊबंद चिकटला की नाही अजून? गवंडी हसत. सुतार हसत. दिगंबर खाली मान घालून पॉलिशचा कागद फिरवत राही.

शर्वरीने आराखडा मोडला आणि नवा मांडला. नर येईल, बीजाची एक थैली मादीच्या कल्ल्याआडच्या घडीत ठेवील आणि निघून जाईल, अख्खाच्या अख्खा. मादी ते बीज वर्षानुवर्षे जपेल; समुद्रतळाच्या एखाद्या उष्ण झऱ्याकाठी, अन्नाची सोय दिसली, की मग अंडी घालील. हेही पटण्यासारखे होते. ती भर दुपारी, अनवाणी, मांडवात गेली आणि त्याला ते दाखवू लागली. आता तरी हा हसेल, असे तिला वाटले होते.

त्याने कागदाकडे पाहिलेसुद्धा नाही. आमच्या शाळेत, तो म्हणाला, डोळे आखल्याशिवाय मूर्ती कुणाच्या हाती देत नाहीत. आणि तू मला बिनडोळ्यांचा घडवायला सांगितलास. तिने घाईने सांगितले की नव्या नराला डोळे आहेत, मोठे आहेत. तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

“आधी चिकटवलंस. आता सोडवतंस. तेका कधी इचारलंस?”

शर्वरीने कागदाची घडी घातली. भेटीची रीत तिने ठरवली होती, सुटकेची रीतही तिनेच ठरवली होती. दोन्ही वेळा ती शहाणीच होती, आणि दोन्ही वेळा तो माती होता. तिचे तोंड उन्हाने नव्हे, लाजेने भाजले.

अक्षय्य तृतीया उजाडली. पाहुणे आले, कोकम सरबताचे पेले फिरले, काळोख्या दालनाचा पडदा सरला. आणि निळ्या उजेडात तमोगर्भेच्या पोटावर एक नर लोंबत होता. रबराचा, बोटाएवढा, बिनडोळ्यांचा. तात्यांनी तो परस्पर करवून घेतला होता आणि रातोरात पक्का डकवला होता. ते छडीने दाखवत रसाळपणे सांगू लागले, की हा असा येतो, चिकटतो, आयते खातो, आणि हळूहळू नाहीसा होतो. मग छडी वळली आणि दाराशी उभ्या दिगंबरवर स्थिरावली. सारे दालन वळून पाहू लागले, आणि हसू लागले.

शर्वरी पुढे झाली.

“तात्यानू, ह्या माज्याच डोक्यातला. मियाच काढतंय.”

तिने तो नर मुठीत धरला आणि ओढला. तो सुटेना. तिने पाय रोवून, दात आवळून, पुन्हा ओढला. आणि तो निघाला तो तमोगर्भेची त्वचा घेऊन निघाला. काळ्या कांतीवर हातभर पांढरी जखम उघडी पडली. हसणे थांबले. तात्यांचा आवाज चढला: नवऱ्याचा एवढा पुळका असेल, तर दार उघडेच आहे, तुलाही. भर सभेत, पोटच्या मुलीला.

तिने दाराकडे पाहिले. तिथे दिगंबर नव्हता.

ती धावली. सुरूच्या बनातून, तापल्या वाळूतून, चपला कुठे राहिल्या त्याचे भान नसलेली, ती धावली. तो पाण्याच्या कडेने दक्षिणेकडे चालला होता, रिकाम्या हातांनी. तिने त्याला गाठले, पण हात धरला नाही. थांब म्हणाली नाही. सांगण्यासारखे, समजावण्यासारखे, सिद्ध करण्यासारखे तिच्याकडे पुष्कळ होते; ते सारे तिने गिळले.

“खंय जावया?” तिने विचारले.

त्याने पायाखालची एक शिंपली लाथेने पाण्यात उडवली.

“माका ठावक नाय,” तो म्हणाला.

रागाने म्हणाला, पण पावले त्याची मंद झाली. मग ती दोघे चालू लागली, जवळ नाही, दूर नाही, एकाच उन्हात, एकाच दिशेला. आणि त्यांच्या मधल्या जागेतून एक लाट वर आली, दोघांचे पाय भिजवून गेली, आणि उतरली. दुसरी आली, आणि उतरली.